पत्ता नसलेल्या स्क्रीन: वेब ॲपमध्ये यूआरएलविना एका स्क्रीनवरून दुसरीवर कसं जायचं

पहाटेचे साडेपाच. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी भागातल्या एका गावात दूध संकलन केंद्रासमोर किटल्या घेऊन रांग लागलेली. काउंटरवर टॅबलेट, त्यात मी लिहिलेलं ॲप. सेक्रेटरींनी सभासदाचा कोड टाकला, वजन घेतलं, फॅट भरली, पावती निघाली. पावती बघून शेतकरी म्हणाला, "फॅट कमीच लागली की ओ अण्णा, परत एकदा बघा." सेक्रेटरींनी टॅबलेटचं मागे जायचं बटण दाबलं. भरलेल्या आकड्यांसह मोजणीची स्क्रीन परत आली. आकडा बघून झाल्यावर, रांग पुढे सरकवायची म्हणून, त्यांनी सवयीने पुन्हा ‘सेव्ह’ दाबलं.

त्या सकाळी असं दोनतीनदा झालं. रजिस्टरला दूध जास्त, कॅनमध्ये कमी. हिशेब जुळेना तेव्हा संचालकांची पहिली नजर गेली ती सेक्रेटरींकडे. वीस वर्षं प्रामाणिकपणे माप घेणाऱ्या माणसावर माझ्या ॲपमुळे संशय आला, हे मला अजून टोचतं. चूक सापडली तेव्हा ती एका ओळीत सांगता येण्यासारखी होती: ‘मागच्या स्क्रीनवर जाणं’ आणि ‘केलेली नोंद मागे घेणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या कोडमध्ये त्या वेगळ्या नव्हत्या.

साध्या वेबसाइटवर ब्राउझर आपल्यासाठी बरंच काही फुकट करतो. प्रत्येक पानाला पत्ता (यूआरएल) असतो, मागे-पुढे जाता येतं, रिफ्रेश केलं तर तेच पान उघडतं, मित्राला लिंक पाठवता येते. यूआरएल काढून घेतला की यातली एकेक गोष्ट आपल्याला स्वतः उभी करावी लागते. ती कशी करायची, ते त्याच दूध केंद्राच्या ॲपच्या आधाराने सांगतो. उदाहरण दुधाचं असलं तरी पिग्मी (रोजची बचत) गोळा करणाऱ्या एजंटचं ॲप, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनशेजारी लावलेली स्क्रीन किंवा दवाखान्यातलं केसपेपरचं काउंटर, सगळीकडे हाच हिशेब लागू पडतो.

आधी ठरवा: यूआरएल खरंच नको आहे का?

अँड्रॉइड ॲपच्या आत वेब पान दाखवत असाल तर ॲड्रेस बार नसतोच. पान थेट फाइल म्हणून उघडत असाल, तर यूआरएल बदलायला जाताच क्रोम सुरक्षेची चूक दाखवतो. दुसऱ्याच्या पानात आयफ्रेममध्ये (पानातल्या चौकटीत) बसलेलं विजेट असेल, तर वरचा पत्ता आपल्या हातात नसतो. आणि काही कामांत मधल्या पायरीला पत्ता देण्यात अर्थच नसतो. ‘सभासद १४२, वजन घेतलं, फॅट बाकी’ ही अवस्था कुणी बुकमार्क करणार नाही, आणि केलीच तर उद्या ती उघडून चुकीचीच नोंद होईल.

पण जे पान कुणी व्हॉट्सॲपवर पाठवेल, जे गूगलवर सापडायला हवं, जे उद्या परत बघायला हवं, त्याला यूआरएल द्याच. दुधाचं दरपत्रक, सभासदाचं महिन्याचं बिल, संस्थेची सूचना ही सगळी पत्त्याची पानं आहेत. एकाच ॲपमध्ये दोन्ही प्रकार नांदू शकतात. बिलाला पत्ता असावा, नोंदीच्या आतल्या पायऱ्यांना नसावा. कोड कमी लिहावा लागेल म्हणून यूआरएल टाळू नका. पुढचं वाचलंत की कळेल, काम कमी होत नाही, वाढतं.

पहिली पायरी: कागदावर स्क्रीन मांडा

संगणक उघडण्याआधी वहीचं एक पान घ्या. प्रत्येक स्क्रीनला चौकोन काढा, नाव द्या, आणि कुठून कुठे जाता येतं ते बाणांनी दाखवा. आमच्या केंद्राच्या सात स्क्रीन झाल्या: सुरुवात, सभासद शोध, मोजणी, तपासणी, पावती, आजची यादी, सेटिंग. प्रत्येक बाणावर तो कशाने होतो ते लिहा: ‘कोड बरोबर’, ‘सेव्ह झालं’, ‘रद्द केलं’. जिथे बाण नाही तिथून जाता येणार नाही, हेही त्या कागदावरच ठरतं. पावतीवरून मोजणीकडे जाणारा बाण मी सुरुवातीलाच कागदावर काढायला बसलो असतो तर हात तिथेच थांबला असता.

हा खटाटोप कशासाठी, ते एका हिशेबात सांगतो. बरेच जण स्क्रीनसाठी हो-नाही खुणा ठेवतात: मोजणी दिसतेय का, पावती दिसतेय का, यादी उघडी आहे का. अशा पाच खुणा ठेवल्या की ३२ जोड्या तयार होतात. त्यातल्या पाचसहाच अर्थाच्या. उरलेल्या जोड्यांत पावती आणि मोजणी एकाच वेळी दिसते, किंवा काहीच दिसत नाही आणि सेक्रेटरींसमोर पांढरी स्क्रीन येते. पाच खुणांऐवजी ‘आत्ता कुठे आहोत’ एवढी एकच किंमत (व्हॅल्यू) ठेवली की त्या जोड्या जन्मालाच येत नाहीत. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्ट ही आकृत्यांची पद्धत मांडली, ती याच विचाराची पुढची, शिस्तशीर पायरी. एक्सस्टेटसारखी लायब्ररी तीच पद्धत जावास्क्रिप्टमध्ये आणते. सात स्क्रीनसाठी लायब्ररी लागत नाही, वही पुरते. वीस-पंचवीस स्क्रीन झाल्या की मात्र विचार करा.

दुसरी पायरी: एक ठिकाण-नोंद, एकच दरवाजा

आता कोडमध्ये एक छोटी नोंद ठेवायची. तिला मी ‘ठिकाण’ म्हणतो. तिच्यात दोनच गोष्टी: स्क्रीनचं नाव, आणि ती स्क्रीन काढायला लागणारी कमीत कमी माहिती. उदाहरणार्थ:

ठिकाण: मोजणी
सोबत: सभासद १४२, म्हैस, सकाळ

सभासदाचं नाव, पत्ता, मागची बाकी हे ठिकाणात घालू नका. कोड १४२ असला की बाकीचं डेटाबेसमधून येतं. ठिकाणात जितकं कमी, तितकं ते जपून ठेवायला आणि परत उभं करायला सोपं. कसोटी अशी: ही नोंद यूआरएलमध्ये लिहायची असती तर काय लिहिलं असतं? तेवढंच ठेवा. उद्या यूआरएल द्यायची वेळ आली तर हीच नोंद कामाला येते.

स्क्रीन बदलायचं काम ‘जा’ नावाच्या एकाच फंक्शनकडे द्या. बटण असो, बारकोड स्कॅनर असो, वेळ संपल्याचा इशारा असो, सगळ्यांनी या एकाच दरवाजातून जायचं. ‘जा’ आधी बघतं की कागदावर असा बाण आहे का. असेल तर ठिकाण बदलतं आणि स्क्रीन नव्याने काढतं, नसेल तर जागचं हलत नाही आणि चूक झाल्याची नोंद ठेवतं. एखाद्या बटणाच्या कोडमध्ये परस्पर एक स्क्रीन लपवून दुसरी दाखवली, की तिथूनच घोटाळा सुरू होतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे एक खास सापळा आहे. जावास्क्रिप्टमध्ये नावं आणि मजकूर देवनागरीत ठेवता येतो, आणि मीही ठेवतो. पण ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एका पद्धतीत ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडतो, दुसरीत साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द असतात, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) केलं तरी ते एक होत नाहीत. एकाने एका कीबोर्डवर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर तेच नाव टंकलं की ‘अशी स्क्रीन नाही’ हे उत्तर येतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. म्हणून स्क्रीनची नावं एकाच फाइलमध्ये एकदाच लिहा आणि बाकी सगळीकडे तिथूनच घ्या.

भाषेबद्दलही इथेच सांगतो. आमच्या भागात सेक्रेटरी मराठीत काम करतात, संध्याकाळच्या पाळीला बसणारा मुलगा कन्नडमध्ये. भाषा ही ठिकाणाचा भाग नाही. ‘दूध’चं ‘हालु’ झालं म्हणून वजन पुसलं जाता कामा नये. भाषा वेगळी ठेवा. ती बदलली की त्याच ठिकाणाची स्क्रीन पुन्हा काढायची, अर्धवट भरलेले आकडे तसेच राहिले पाहिजेत. आणि हो, पानाच्या भाषेची खूण मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’ अशी त्याच वेळी बदला. नाहीतर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कन्नड मजकूर मराठी आवाजात वाचू बघतं.

तिसरी पायरी: मागे म्हणजे नेमकं कुठे?

लेखाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

‘मागे’साठी ठिकाणांची एक रास ठेवायची, ताटांवर ताट ठेवतो तशी. पुढे जाताना नवं ताट वर ठेवायचं, मागे येताना वरचं काढायचं. एवढं सगळे करतात, आणि फसतात ते इथेच, कारण प्रत्येक जाण्याला नवं ताट ठेवायचं नसतं. जाण्याचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक बाणावर त्यातला कोणता हे कागदावरच लिहायला हवं.

पहिला प्रकार ‘वर ठेवा’. सभासद शोधावरून मोजणीकडे जाताना कोड चुकला असेल तर मागे यायला हवं, म्हणून नवं ताट. दुसरा प्रकार ‘बदला’. मोजणीत गाईऐवजी म्हैस निवडली तर ठिकाण बदलतं, पण तो काही प्रवास नव्हे. वरचं ताट काढून त्या जागी नवं ठेवा. नाहीतर माणूस तीन वेळा गाय-म्हैस करून बसतो आणि बाहेर पडायला तीन वेळा मागे दाबतो. तिसरा प्रकार ‘सगळं उतरवा’. सेव्ह झालं, नोंद पडली, की शोध, मोजणी, तपासणी ही सगळी ताटं काढून टाकायची. खाली ‘सुरुवात’, वर ‘पावती’, एवढंच उरतं. आता पावतीवरून मागे दाबलं तर रिकामी सुरुवात येते आणि पुढच्या किटलीची वेळ होते.

मग शेतकरी म्हणाला, "फॅट परत बघा," तर? त्यासाठी पावतीवरच ‘नोंद बघा’ हे बटण द्या. ती स्क्रीन फक्त वाचायची, तिच्यावर सेव्ह नाही. खरोखर चूक असेल तर ‘नोंद दुरुस्त करा’ हे वेगळं काम: जुनी नोंद रद्द, कारण लिहा, नवी नोंद करा, दोन्हींचा मागमूस राहू द्या. वहीत खाडाखोड न करता लाल शाईने रेघ मारून शेजारी सही करतात, तसं. मागे जायच्या बटणाकडून दुरुस्तीचं काम करून घेऊ नका.

स्क्रीनची व्यवस्था कितीही नीट केली तरी एक पहारा खाली, डेटाबेसच्या दारातही हवा. तपासणीची स्क्रीन उघडताना त्या नोंदीला एक न पुनरावृत्त होणारा क्रमांक द्या आणि सेव्ह करताना तो सोबत पाठवा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यायची. बोट दोनदा पडलं, नेट अडखळून मागणी दोनदा गेली, तरी दूध एकदाच पडतं. हा क्रमांक तयार करायला ब्राउझरचं रँडम यूयूआयडी बनवणारं फंक्शन आहे, पण ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा त्याच संगणकावरच्या लोकलहोस्टवर चालतं. केंद्रातला टॅबलेट शेजारच्या खोलीतल्या संगणकाला साध्या एचटीटीपीने जोडला असेल तर ते फंक्शन तिथे नसतंच. आपल्या लॅपटॉपवर सगळं चालतं आणि गावात जाऊन बंद पडतं, ते यामुळे. तिथे गेटरँडमव्हॅल्यूज हे रँडम आकडे देणारं फंक्शन वापरा, ते साध्या एचटीटीपीवरही मिळतं.

चौथी पायरी: टॅबलेटचं स्वतःचं बटण

आपली रास आपल्याला ठाऊक आहे, टॅबलेटला नाही. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आत वेब पान दाखवणाऱ्या भागात, बहुतेकांचा कोड असा असतो: वेबव्ह्यूला मागे जाता येत असेल तर जा, नाहीतर ॲप बंद कर. आपली रास फक्त जावास्क्रिप्टच्या स्मृतीत असेल तर वेबव्ह्यूच्या लेखी इतिहास रिकामाच असतो. मोजणीच्या मध्यात मागे दाबलं की ॲपच बंद! ॲपचा अँड्रॉइड भाग तुमच्या हातात असेल तर सरळ उपाय हा: मागे दाबल्याचं आधी जावास्क्रिप्टला कळवा, ‘मी सांभाळलं’ असं उत्तर आलं तर गप्प बसा, ‘माझ्याकडे काही उरलं नाही’ असं आलं तरच बाहेर पडा.

अँड्रॉइड भाग हातात नसेल किंवा साध्या ब्राउझरमध्ये चालवायचं असेल, तर ब्राउझरच्या इतिहासात नोंद घालणारं पुशस्टेट हे फंक्शन वापरा. पुष्कळांना वाटतं की पुशस्टेट म्हणजे यूआरएल बदलणं. त्याचा तिसरा, पत्त्याचा भाग दिलाच नाही तर पत्ता तोच राहतो आणि इतिहासात मात्र एक नोंद वाढते. आपल्याला हवं ते नेमकं हेच. प्रत्येक नोंदीसोबत राशीतला अनुक्रमांक ठेवायचा. माणसाने मागे दाबलं की पॉपस्टेट ही घटना येते, तिच्यातून अनुक्रमांक वाचायचा आणि आपली रास तिथपर्यंत आणायची.

यात चार गोष्टी माझ्या अंगावर आल्या आहेत. पुशस्टेट केल्याने पॉपस्टेट येत नाही, तो मागे-पुढे जाताना येतो. त्यामुळे स्क्रीन काढायचं काम पॉपस्टेटच्या भरवशावर टाकू नका. दुसरी, अगदी पहिल्या नोंदीला अनुक्रमांक नसतो, तिच्यावर परतलं की हाती रिकामी किंमत येते. म्हणून ॲप उघडताच, चालू नोंदच बदलणाऱ्या रिप्लेसस्टेटने पहिल्या नोंदीलाही क्रमांक द्या. तिसरी, ‘सगळं उतरवा’साठी इतिहासात तीन पावलं मागे जाल तर ते लगेच घडत नाही. पुढचं काम पॉपस्टेट आल्यावरच करा, नाहीतर पावतीची नोंद चुकीच्या जागी चिकटते. चौथी, माणसाने स्क्रीनला हात न लावता तुम्ही आपणहून ढकललेल्या नोंदी क्रोम मागे जाताना वगळतो. जाहिरातवाले लोकांना पानात अडकवून ठेवत, त्यांच्यावरचा तो उपाय आहे, आणि योग्यच आहे. वेळ संपल्यावर आपोआप बदलणाऱ्या स्क्रीनसाठी त्यामुळे ‘बदला’ हाच प्रकार वापरा.

एखादी खिडकी वर उघडली असेल, समजा सभासद यादी किंवा ‘रद्द करायचं का?’ हा प्रश्न, तर मागे दाबल्यावर आधी ती बंद व्हायला हवी, खालची स्क्रीन हलता कामा नये. एचटीएमएलचा डायलॉग हा घटक शोमोडलने उघडला असेल तर एस्केप बटणाने आपोआप बंद होतो. टॅबलेटच्या मागे जायच्या बटणाने मात्र तो सगळीकडे बंद होईलच असं नाही, ते आपल्याला बघावं लागतं. मी उघड्या खिडकीलाही राशीतलं एक ताट धरतो, मग वेगळा नियम लागत नाही.

पाचवी पायरी: वीज गेली, ॲप मेलं, परत उठलं

खानापूरकडच्या गावांत पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. टॅबलेटला बॅटरी असली तरी प्रिंटर आणि राउटर बंद पडतात, कुणीतरी घाबरून टॅबलेटही बंद करून चालू करतं. स्मृती कमी पडली तर अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप न विचारता मारतो. यूआरएल असता तर निदान तेच पान उघडलं असतं. इथे सगळं शून्यावर येतं.

म्हणून ‘जा’ फंक्शन ठिकाण बदलेल तेव्हा रास जपून ठेवू द्या. ब्राउझरमधलं सेशनस्टोरेज (तात्पुरती साठवण) रिफ्रेशमध्ये टिकतं, टॅब बंद झाल्यावर जातं. लोकलस्टोरेज त्यानंतरही राहतं. केंद्रासाठी मी लोकलस्टोरेज वापरतो, कारण इथे ॲप मरणं हा रोजचा प्रसंग आहे. पान सोडण्याआधी इशारा देणाऱ्या घटनेवर विसंबू नका, मोबाइलवर ती येईलच असं नाही. प्रत्येक पावलाला जपा.

जपलेलं परत उभं करताना डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. माझ्या ॲपमध्ये ठिकाणाबरोबर तारीख, पाळी आणि ॲपची आवृत्ती ठेवलेली असते. सकाळची अर्धवट मोजणी संध्याकाळी उघडली तर ती टाकून द्यायची, आणि तसं स्क्रीनवर सांगायचं. आवृत्ती बदलली असेल तर रास फेकून सुरुवातीला जायचं. ठिकाण ‘मोजणी’ आहे पण सभासद कोड नाही, असं दिसलं तर तेही सुरुवातीला. नोंद पाठवली पण उत्तर येण्याआधी वीज गेली असेल, तर तिसऱ्या पायरीतला नोंदीचा क्रमांक कामी येतो: तोच क्रमांक पुन्हा पाठवा, पडली असेल तर पावती मिळेल, नसेल तर आता पडेल. पासवर्ड किंवा बँक खात्याचा क्रमांक मात्र या जपणुकीत कधीही घालू नका. काउंटरवरचा टॅबलेट दहा हातांत जातो.

सहावी पायरी: उशिरा आलेलं उत्तर

१४२ टाकलं, नेट हळू, उत्तर येईना. सेक्रेटरींनी मागे येऊन १४३ टाकलं, त्याचं उत्तर लगेच आलं. तीन सेकंदांनी १४२चं जुनं उत्तर पोचलं आणि १४३च्या स्क्रीनवर १४२चं नाव चढलं. दूध एकाचं, नाव दुसऱ्याचं. ही चूक कार्यालयातल्या वेगवान नेटवर कधीच दिसत नाही.

प्रत्येक ठिकाण-बदलाला एक चढता टोकन क्रमांक द्या, मागणीसोबत तो लक्षात ठेवा, आणि उत्तर आल्यावर बघा: आपलं टोकन अजून चालू आहे का? नसेल तर उत्तर टाकून द्या. शिवाय अबॉर्टकंट्रोलर वापरून जुनी मागणी तोडताही येते. मी दोन्ही करतो. मागणी तोडली तरी सर्व्हरवर काम होऊन गेलेलं असू शकतं, म्हणून तोडणं फक्त माहिती वाचणाऱ्या मागण्यांना लावा, सेव्हला नको.

सातवी पायरी: स्क्रीन बदलली हे माणसाला कळू द्या

नवं पान उघडलं की ब्राउझर शीर्षक बदलतो, वरून वाचायला सुरुवात करतो. आपण फक्त आतला मजकूर बदलला तर दृष्टिहीन माणसाला काहीच कळत नाही, आणि कीबोर्डचा फोकस नाहीशा झालेल्या बटणावर लटकत राहतो. प्रत्येक बदलानंतर पानाचं शीर्षक बदला. स्क्रीनच्या मुख्य मथळ्याला उणे एक टॅबइंडेक्स देऊन फोकस तिथे न्या. मोजणीसारख्या, आकडा टंकायच्या स्क्रीनवर मात्र फोकस थेट वजनाच्या चौकटीत न्यावा. पहाटेच्या गर्दीत एक जास्तीचा टॅप दोनशे किटल्यांना दोनशे वेळा पडतो. खिडकीमागच्या स्क्रीनला इनर्ट ही खूण द्या, म्हणजे फोकस आणि बोट दोन्ही तिथे पोचत नाहीत.

यादीत खाली सरकून एखादी नोंद उघडली आणि परत आलं तर यादी होती तिथेच दिसायला हवी. राशीतल्या ताटासोबत सरकण्याचा आकडा ठेवा आणि परतताना लावा, बस. सरकत्या-विरघळत्या बदलांसाठी क्रोमने २०२३ मध्ये आणलेली व्ह्यू ट्रान्झिशनची सोय यूआरएल नसतानाही चालते. काउंटरच्या ॲपला मी ती लावत नाही. तिथे वेग हीच शोभा.

तयार लायब्ररी वापरत असाल तर

यातला काही भाग हाताने लिहावा लागणार नाही. रिॲक्ट राउटरमध्ये मेमरीराउटर आहे, व्ह्यू (Vue) राउटरमध्ये क्रिएटमेमरीहिस्टरी, एम्बरमध्ये लोकेशनचा प्रकार ‘नन’ ठेवता येतो. व्ह्यूच्या बाबतीत लक्षात ठेवा की मेमरी प्रकारात पहिली स्क्रीन आपोआप उघडत नाही, सुरुवातीचं ‘पुश’ तुम्हालाच करावं लागतं. अँग्युलरमध्ये स्किपलोकेशनचेंज हा पर्याय पत्ता न बदलता स्क्रीन बदलतो, पण इतिहासात नोंदही ठेवत नाही. मागे दाबलं की माणूस थेट आधीच्या पत्त्यावर पोचतो. यातली कोणतीही लायब्ररी टॅबलेटचं बटण, वीज गेल्यावरची जपणूक आणि दुहेरी नोंदीचा पहारा देत नाही. ते वरच्याप्रमाणे तुमच्याकडेच.

आठवी पायरी: फोनवर ‘कुठे आहात?’ याचं उत्तर

केंद्रातून फोन येतो, "सर, ते दुसरं पान आलंय बघा, पुढं जाईना." यूआरएल असता तर वाचून दाखवा म्हणालो असतो. म्हणून प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक ठळक छापा. मराठी बोलणारा असो की कन्नड, ‘तीन नंबर’ म्हटलं की मला मोजणी कळते. हे क्रमांक एकदा ठरले की कधी बदलू नका. मधली स्क्रीन काढून टाकली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नका.

लिंकची उणीव पावती क्रमांकाने भरून निघते. सुरुवातीच्या स्क्रीनवर एक चौकट द्या, तिच्यात पावती क्रमांक टाकला की ती नोंद वाचण्यापुरती उघडते. शेतकऱ्याच्या खिशातला कागद हाच त्याचा पत्ता.

आणि ‘जा’ फंक्शनला शेवटच्या पन्नास पावलांची यादी ठेवू द्या: वेळ, कुठून, कुठे, कशाने. दूध दोनदा पडण्याचं कारण मला अशाच यादीतून सापडलं, ‘पावती ते मोजणी, टॅबलेटचं बटण’ ही ओळ त्यात तीनदा होती. ती कागदावर छापून संचालकांसमोर ठेवली.

शेवटी, चाचणी टेबलावर बसून करू नका. मी आता नवं ॲप बसवताना पहिल्या पाळीला स्वतः केंद्रात जातो. प्रत्येक स्क्रीनवर मागे दाबतो, सेव्ह दोनदा दाबतो, राउटरची वायर काढतो, पावती छापताना टॅबलेट बंद करतो, मोजणीच्या मध्यात भाषा बदलतो. मग सेक्रेटरींच्या हातात देतो आणि काहीही न बोलता मागे उभा राहतो. साडेसातला रांग संपली की रजिस्टरचा आकडा आणि कॅनचं माप शेजारी लिहून बघतो. ते जुळल्यावरच तिथून निघतो.